न ऐकलेल्या गाण्याला सहाशे चौदा मतं

पद्मिनीकाकू टिपणीस यांच्याशी माझी ओळख एका पँटमुळे झाली. २००१ च्या नोव्हेंबरात मी नागपूरहून मिशिगनमधल्या ट्रॉयला येऊन जेमतेम पाच महिने झाले होते आणि ज्या कंपनीनं मला आणलं होतं तिनं आमच्या अख्ख्या टीमला एका दुपारी घरी पाठवून दिलं होतं. लवकर दुसरी नोकरी मिळाली नाही तर परतीचं विमान ठरलेलं. इंटरव्ह्यूसाठी घेतलेली काळी पँट माझ्या पायांपेक्षा चार इंच लांब होती. इथल्या मराठी मंडळातलं कुणीतरी म्हणालं, टिपणीसकाकूंकडे जा, त्या घरी शिवतात.

बेसमेंटचा जिना उतरले तर खाली रेडिओ मोठ्यानं चालू होता, इंग्लिश गाणं, गिटारी वगैरे. साठीला टेकलेल्या एक बाई, अंगात कार्डिगन, तोंडात चार टाचण्या. त्या टाचण्या न काढताच म्हणाल्या, "सरळ उभी राहा. हलू नकोस, लव्ह." मी जरा दचकलेच. नंतर कळलं की त्या सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, पोस्टमनला, डेंटिस्टला आणि वेळ आली तर पोलिसालासुद्धा. इंग्लंडातल्या कारखान्यात लागलेली सवय.

पायाशी बसून टाचण्या लावता लावता त्यांनी विचारलं, "हे वाजतंय ते कसं आहे?"

"छान आहे."

"का छान आहे?"

मी पँट छोटी करायला आले होते. डोक्यात नोकरीची चिंता, आणि ही बाई माझी तोंडी परीक्षा घेत होती. मी म्हटलं, "असंच, छान वाटतं." तर त्या वर बघून म्हणाल्या, "कुणालाही विचारा, छानच म्हणतात. देवळात आलाय का सगळे? मला हे गाणं आवडत नाही. गाणारा स्वतःवर फार खूश आहे." आणि पुन्हा टाचण्यांकडे वळल्या.

मला राग आला होता हे कबूल करते. मला राग पटकन येतो. पण त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी पँट अशी करून दिली की ती माझ्यासाठीच शिवलेली वाटावी, आणि त्यानंतर पुढची पाच वर्षं मी महिन्यातून दोनदा तरी त्या बेसमेंटमध्ये जाऊन बसत होते. कधी कपडे घेऊन, कधी नुसतीच.

काकूंची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, कारण त्या स्वतःबद्दल सलग कधी बोलत नसत. मूळच्या अकोल्याच्या. लग्न होऊन १९६७ मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीला गेल्या. हेमचंद्रकाका मोटारीच्या कारखान्यात टूल डिझाइनला. काकूंना घरी बसवेना म्हणून त्या टेलिफोनच्या कारखान्यात लागल्या, बारीक तारा जोडायच्या कामावर. इंग्लिश मॅट्रिकपुरतं. आजूबाजूच्या बायका काय बोलतात ते कळायचं नाही, हसल्या तर आपल्यालाच हसतायत असं वाटायचं. कारखान्यात कर्ण्यांवरून दिवसभर रेडिओ चाले. "बायकांचं बोलणं भराभर जायचं," काकू सांगत. "गाणं मात्र दोन दिवसांनी पुन्हा यायचं. मग मागच्या वेळी न कळलेला शब्द आज पकडायचा." काकूंचं इंग्लिश असं रेडिओवर वाढलं.

त्यातच १९६८ मध्ये ते गाणं आलं. 'मिसेस हॅलोरन्स विंडो'. कॉव्हेंट्रीतल्याच पाच पोरांचा बँड, दोन रेकॉर्डी काढल्या आणि मग सगळे नोकऱ्यांना लागले. गाणारा पुढे रंगाचं दुकान चालवायचा म्हणे. हॅलोरन नावाची एक बाई रोज खिडकीची काच पुसते, वाट कुणाची बघते ते गाण्यात सांगितलेलं नाही, बस, एवढंच. हे काकूंना अथपासून इतिपर्यंत कळलेलं पहिलं इंग्लिश गाणं. एके दिवशी तारा जोडताना त्या ते गुणगुणू लागल्या आणि शेजारच्या बाकावरच्या बाईनं पुढची ओळ उचलली. मग तिच्या शेजारचीनं. "गाणं संपल्यावर तिनं मला पहिल्यांदा माझं नाव विचारलं," काकू म्हणाल्या, "सहा महिने शेजारी बसून." गाणं आठवडाभर वाजलं आणि मग कुठंही ऐकू आलं नाही.

१९७८ मध्ये टिपणीस कुटुंब मिशिगनला आलं. काकूंनी ट्रॉयमधल्या एका ड्रायक्लीनरकडे बावीस वर्षं कपडे कमीजास्त करायचं काम केलं आणि मग घरीच मशीन मांडलं. मंडळाच्या प्रत्येक नाटकाचे कपडे त्यांचे. मावळ्यांचे अंगरखे, राक्षसाचे झगे, लेझीमच्या पोरींचे फेटे, सगळं. कुणी नुसतं 'काकू, यंदा बावीस झब्बे' म्हणायचं आणि काकू मान हलवायच्या.

आता त्या रेडिओबद्दल. डेट्रॉईटच्या एका जुन्या स्टेशनवर डेल विटकॉम्ब नावाचा निवेदक दर शनिवारी सकाळी फक्त ब्रिटिश गाणी लावायचा आणि लोकांचे फोन घ्यायचा. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या तीन सुट्ट्यांना तो 'ब्रिटिश दोनशे' लावत असे, म्हणजे श्रोत्यांनी मतं देऊन निवडलेली सर्वश्रेष्ठ दोनशे ब्रिटिश गाणी, दोनशेपासून उलटी एकपर्यंत. प्रत्येकानं तीन गाणी कळवायची. जे यादीत येईल ते वाजणार, जे येणार नाही ते वाजणार नाही. डेल या बाबतीत शिस्तीचा होता.

आणि काकू दरवर्षी या यादीशी भांडत. त्यांचं म्हणणं, पहिली दहा गाणी वर्षानुवर्षं तीच राहतात कारण लोक ऐकून मत देत नाहीत, गेल्या वर्षीची यादी आठवून देतात. "ही गाण्यांची यादी नाही, सवयीची यादी आहे," असं त्यांनी डेलला फोनवर, हजारो लोकांसमोर सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. तिथं त्यांना सगळे 'पॅडी फ्रॉम ट्रॉय' म्हणून ओळखत. डेल हसायचा, पण त्यांचा फोन आला की आधीचा फोन आटोपता घ्यायचा. काकूंची चांगल्या गाण्याची कसोटी साधी होती: हात कामात असताना जे म्हणता येतं ते चांगलं गाणं. ऐकण्यासाठी काम थांबवावं लागलं तर गाणं कमी पडलं.

घरातच त्यांना कडवा विरोधक होता. हेमचंद्रकाकांना सात-सात मिनिटांची, मध्ये लांबलचक गिटार असलेली गाणी लागत. "भव्यता नको का?" ते विचारत. काकू म्हणत, "भव्यता लग्नाच्या हॉलमध्ये असते." काकांचा रेडिओ गराजमध्ये, काकूंचा बेसमेंटमध्ये, दोन्हीवर एकच स्टेशन, आणि गाणं संपलं की जिन्यावरून वाद. काकांच्या मते मिसेस हॅलोरनच्या खिडकीत काही राम नव्हता. हे त्यांनी बायकोला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं आणि त्यानंतर मत बदललेलं नव्हतं.

१९८८ पासून काकू दरवर्षी पोस्टकार्ड पाठवत. दुसरं-तिसरं गाणं खूप विचार करून बदलायच्या, पहिलं नेहमी तेच. खाली कारण लिहायच्या. दरवर्षी त्या गाण्याला एक मत पडायचं.

मी एकदा विचारलं, "काकू, रेकॉर्ड तर आहे तुमच्याकडे. लावा की हवं तेव्हा."

"ती मी लावते गं," त्या म्हणाल्या. "रेडिओवर लागलं की त्याच क्षणी आणखी कुणीतरी ऐकत असतं. मला ते एकदा पुन्हा तसं ऐकायचंय."

२००६ च्या जुलैत बातमी आली की स्टेशन विकलं गेलंय. वर्षअखेरीपासून चोवीस तास बातम्या आणि चर्चा, गाणी बंद. म्हणजे येता लेबर डे हा शेवटचा. काकूंनी ही बातमी मला एका झब्ब्याची बाही उसवता उसवता सांगितली. "यंदा नाही तर नाहीच," म्हणाल्या आणि बाही उसवत राहिल्या. मला भडभडून आलं. या बाईनं सगळ्या मंडळाला जवळजवळ तीस वर्षं कपडे घातले आणि हिला एक गाणं ऐकायला मिळू नये?

आणि मग मी ते केलं.

मी तेव्हा मंडळाची सेक्रेटरी होते. आपल्या लोकांची एक सवय तुम्हाला ठाऊक असेलच. कुठल्याही वेबसाइटवर, कुठल्याही मतदानात आपला माणूस दिसला की मेल निघतो: कृपया मत द्या, पाच जणांना फॉरवर्ड करा. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतली पोरगी असो की कुठल्या तरी मासिकाचा सर्वोत्तम शास्त्रज्ञ, आपण मत देतो. माणूस कोण, स्पर्धा कसली, हे विचारायची पद्धत नाही. आपला तो बाब्या. रेडिओ स्टेशननं दोन वर्षांपूर्वी मतदान वेबसाइटवर आणलं होतंच. मी अध्यक्ष विवेक साठ्यांना फोन केला. ते तर माझ्यापेक्षा उत्साही. "अरे वा, सरप्राइज! गणपतीच्या कार्यक्रमात काकूंचा सत्कारच करून टाकू, यार. मी तिकडे नॉर्थ कॅरोलायनात कॅरीच्या आणि जॉर्जियात अल्फारेटाच्या मंडळांना पण पाठवतो."

मेल मी लिहिला. 'पद्मिनीकाकूंसाठी एवढं करूया' असा विषय, खाली लिंक आणि गाण्याचं नाव. फॉर्मवर तीन गाणी भरणं सक्तीचं होतं, म्हणून लोकांना त्रास नको या सद्भावनेनं मी उरलेल्या दोन जागांसाठीही इंटरनेटवर पाहून दोन ब्रिटिश गाणी देऊन टाकली. एक नाताळचं भजन आणि एक बालगीत. मी पेशानं सॉफ्टवेअर टेस्टर. लोकांच्या चुका शोधायचे मला पैसे मिळतात.

प्रतिसाद भरघोस आला. लोकांनी स्वतःचं मत दिलं, बायकोचं दिलं, नागपूरच्या सासूबाईंच्या ई-मेलवरून दिलं. मी स्वतः सहा दिली. अल्फारेटाहून एका गृहस्थांचं उत्तर आलं, "डन! कितवीत आहे मुलगी?" खिडकी हा एखाद्या पोरीचा शाळेतला प्रोजेक्ट असावा असं त्यांना वाटलं होतं. मी हसले आणि मेल पुढे पाठवला. हसण्यासारखं काय होतं त्यात?

ऑगस्टातला तो शनिवार. मतदान संपायला आठ दिवस होते. मी ग्रोसरी आणायला निघाले होते, गाडीत डेलचा कार्यक्रम लावला होता. काकू लाइनवर आल्या आणि डेल अक्षरशः ओरडला, "पॅडी, तू बसली आहेस ना? तुझी खिडकी सध्या तिसऱ्या नंबरवर आहे!"

मी पार्किंग लॉटमध्ये गाडी उभी केली आणि स्टिअरिंगवर टाळ्या वाजवल्या.

 मग काकूंचा आवाज आला, एकदम बारीक. "किती मतं, डेल?"

"सहाशे चौदा!"

"कुठून?"

"ट्रॉय, नोव्हाय, नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया..." तो वाचत होता. पाच-सहा सेकंद शांतता. मग काकूंनी विचारलं, "त्या लोकांनी दुसरं आणि तिसरं गाणं कुठलं दिलंय?"

कागद चाळल्याचा आवाज आला. डेल म्हणाला, "गंमत आहे. जवळजवळ सगळ्यांनी तीच दोन," आणि त्यानं ते भजन आणि ते बालगीत वाचलं. माझे हात स्टिअरिंगवरच राहिले.

"ती मतं काढून टाक, लव्ह," काकू म्हणाल्या.

डेल गोंधळला. नियमात बसतात म्हणाला, एका ई-मेलला एक मत, त्याला ती काढता येणार नाहीत. काकू म्हणाल्या, "त्यातल्या एकानंही हे गाणं ऐकलेलं नाही. ते या देशात कधी विकायलाच आलं नाही."

"पण पॅडी, ते वाजेल. तुला अठरा वर्षं हेच हवं होतं ना?"

"हो. हेच हवं होतं," काकू म्हणाल्या. "काढून टाक."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! पण खरं सांगते, त्या क्षणी मला लाज वाटली नाही, संताप आला. आपण एखाद्यासाठी जीव टाकायचा आणि त्यानं तो हजारो लोकांसमोर परत करायचा? ग्रोसरी तशीच ठेवून मी थेट काकूंच्या घरी गेले, भांडायला.

काकू मशीनपाशी बसल्या होत्या. मशीन बंद होतं. मी जिन्यावरूनच सुरुवात केली. "काकू, आम्ही प्रेमानं केलं. तुम्ही काय, मोठ्या हरिश्चंद्र..."

"तू ऐकलंयस का ते गाणं?" त्यांनी विचारलं.

पाच वर्षं मी त्यांच्याकडे येत होते. त्या गाण्याबद्दल मी शंभरदा ऐकलं असेन. गाणं एकदाही नाही. रेकॉर्ड त्या शेल्फवर, माझ्या डोक्यापासून दोन हातांवर होती, आणि 'लावा ना' असं मी कधी म्हटलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "डेलनं सहाशे चौदा म्हटलं ना, सुमेधा, तेव्हा पाच-सहा सेकंद मला खरं वाटलं. मला वाटलं, इतकी माणसं होती. सगळी आपापल्या घरी होती आणि मला माहीत नव्हतं." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि रडले. त्यांनी मला रडू दिलं, पाणी आणून दिलं आणि मग विचारलं, "गणपतीची प्रॅक्टिस उद्या आहे ना? हॉल किती वाजता मिळतो?"

दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, जिथं आमची नाटकाची तालीम चाले, हेमचंद्रकाका रेकॉर्ड प्लेअर दोन्ही हातांत धरून आले. मागून काकू, छातीशी रेकॉर्ड. चाळीसेक माणसं होती. विवेकरावांनी सत्काराचा नारळ तयार ठेवला होता, काकूंनी तो हातानंच बाजूला सारला. म्हणाल्या, "तुम्ही मला मत दिलंत त्याबद्दल आभार. ते मला नको होतं. मत गाण्याला द्यायचं असतं. आज ऐका. आवडलं तर खरं मत द्या. नाही आवडलं तर देऊ नका, मी तुमचे झब्बे तरीही शिवणार आहे." लोक हसले, पण जरा कसनुसंच.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी दुसऱ्या कुणाला सुचली नसती. म्हणाल्या, "एकच बाजू ऐकणं बरोबर नाही. विरोधी पक्षही आलाय." आणि काकांना उभं केलं. काकांनी आपलं सात मिनिटांचं गाणं लावलं आणि बायकोच्या गाण्याविरुद्ध दहा मिनिटं भाषण केलं, अगदी मनापासून. "यात चार सूर आहेत," ते म्हणाले, "आणि ती बाई शेवटपर्यंत खिडकीच पुसत राहते. घडत काहीच नाही." काकू पहिल्या रांगेत बसून मान डोलवत ऐकत होत्या. पटत होतं म्हणून नव्हे, मुद्दे व्यवस्थित मांडले म्हणून.

मग खिडकी वाजली, दोनदा. 

डेलकडे त्या आठवड्यात मंडळाच्या लोकांचे मेल गेले, आमची आधीची मतं मागे घ्या म्हणून; देणाऱ्यानंच सांगितलं तर डेलला ती काढता येत होती. सगळ्यांनी पाठवेपर्यंत मी पिच्छा सोडला नाही. कॅरी आणि अल्फारेटाच्या मंडळींना फोन करकरून मी कारण सांगितलं, आणि दर वेळी सांगताना मान खाली जात होती. अल्फारेटाचे ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे मुलगी हरली का?"

लेबर डेचा शनिवार उजाडला. सकाळी नऊला दोनशेव्या नंबरापासून सुरुवात होणार होती. आलं तर खिडकीचं गाणं खालच्या पन्नासातच येणार हे काकूंना माहीत होतं. मी साडेआठलाच पोचले. काकू एका शाळकरी मुलीच्या घागऱ्याला काठ लावत होत्या. दोनशे. एकशे नव्व्याण्णव. प्रत्येक गाण्यावर त्यांचा शेरा: हे कसं आलं, हे आणखी वर हवं होतं, हे गेल्या वर्षी एकशे बारावर होतं, लोकांना झालंय काय. गराजमधून काकांचा आवाज. एकशे ऐंशी. एकशे साठ. दुपार होत आली तसे काकूंचे शेरे कमी झाले. एकशे सदतीसवर त्यांनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, "आता नाही येणार."

मग त्यांनी डेलला फोन केला. गाणं चालू होतं, त्यामुळे तो लगेच बोलला. काकू कागदावर काहीतरी लिहीत होत्या. फोन ठेवून त्यांनी तो कागद उचलला.

"एकोणीस," म्हणाल्या. "दोनशेव्याला वीस आहेत."

मी मनात वजाबाकी करून टाकली.

"त्यातले अकरा आपल्या मंडळाचे. एक मी. उरलेले सात कोण असतील?" त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.  "विंडसरला, नदीपलीकडे कॅनडात, एक म्हातारा आहे, मूळचा कॉव्हेंट्रीचा. एक बाई फ्लिंटला आहे. त्या दिवशी मी डेलशी भांडले ते ऐकून त्यांना गाणं आठवलं. सात माणसं, सुमेधा. अडतीस वर्षं मला वाटत होतं, ते मला एकटीलाच आठवतंय." आणि त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तशा हसताना पाहिलं नव्हतं. गाणं वाजलं नाही याचं दुःख त्यात होतंच, ते त्यांनी लपवलंही नाही. पण हसल्या.

आता माझ्या मनात जे होतं ते मला राहवेना. वीसला मागं टाकायला एकवीस हवी होती. दोन मतं कमी पडली. आणि ती दोन कुठली हे मला नेमकं माहीत होतं.

"काकू, मी मत दिलं नाही," मी म्हटलं. "शैलेंद्रनं पण नाही." शैलेंद्र म्हणजे माझा नवरा. त्याला काकांचं गाणं जास्त आवडलं होतं. "आम्ही दिलं असतं तर आज ते वाजलं असतं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या रागाची वाट बघत होते जो मला पाच वर्षांपूर्वी त्यांच्यावर आला होता.

"का नाही दिलंस?"

"मी खूप प्रयत्न केला, काकू. मला ते चांगलं वाटलं, पण... मध्ये रटाळ होतं."

"रटाळ?"

"थोडंसं."

"रटाळ!" काकू उठून उभ्या राहिल्या. "मिसेस हॅलोरन रटाळ?" गराजमधून काकांनी विचारलं, काय झालं. काकूंनी त्यांना गप्प बसायला सांगितलं. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू माझ्यासाठी खोटं मत दिलं असतंस, तर हे एकोणीस खरे आहेत हे मला कुणी सांगितलं असतं? दोन कमी पडली ती पडू देत. पण रटाळ कुठं आहे ते तुला दाखवून द्यावं लागेल."

त्यांनी रेडिओ बंद केला. ब्रिटिश दोनशे चालू असताना त्या घरात रेडिओ बंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी शेल्फवरून रेकॉर्ड काढली, पदरानं पुसतात तशी कार्डिगनच्या बाहीनं पुसली आणि लावली.

"ऐक. जिथं रटाळ वाटेल तिथं हात वर कर. आधी नाही, नंतर नाही. तिथंच."

मी ऐकायला बसले. परीक्षेला बसावं तशी, पण या वेळी मला उत्तर माहीत होतं. दुसरं कडवं संपलं, नुसत्या वाद्यांची ती जागा आली, तेच ते सूर पुन्हा पुन्हा, आणि मी हात वर केला.

काकूंनी रेकॉर्डवरची सुई उचलली. मागं नेऊन तेवढाच भाग पुन्हा लावला. डोळे मिटून ऐकला. पुन्हा एकदा लावला. मग सुई जागेवर ठेवली.

"हं," शेवटी म्हणाल्या. "इथं मलाही पहिल्यापासून तसंच वाटतं. पण ह्यांना सांगू नकोस."